आतल्या खोलीची जाळी

२० जानेवारी, सोमवार
आज नव्या घरात दूध उतू घातलं. गजाननाचा फोटो, कुलदेवतेचा टाक आणि आत्याबाईंची जुनी समई पूर्वेला तोंड करून बसवली. देव बसले की घर बसतं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, ती वाया का घालवा, म्हणून आजपासून रोज चार ओळी लिहीन म्हणते.

घर अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत. चाळ पाडून नवीन टॉवर उठलाय, त्यात सहावा मजला. घाटकोपरच्या खोलीत आम्ही जन्म काढला, पण तिथे सर्वेशची झोप कधी झाली नाही. माझा हा एकुलता एक. रात्रभर ऑफिसात परदेशातल्या लोकांचे फोन घेतो आणि सकाळी येऊन झोपतो. चाळीत दिवसा झोपणार कसा? नळावरची भांडणं उशाशी. त्या झोपेसाठीच तर हे घर.

बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि एक आतली खोली. आतल्या खोलीला खिडकी नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, काकी, उलट बरं, दिवसा काळोख मिळतो. हवेसाठी छताजवळ लोखंडी जाळी आहे. तिच्या मागे पत्र्याचा चौकोनी नळ, तो सगळ्या मजल्यांवरून थेट गच्चीत जातो. पंच्याच्या टोकाने जाळी पुसली. खोली सर्वेशला दिली. हे देवगडला आहेत, त्यांच्या आईला, आत्याबाईंना, बघायला कोणीतरी हवंच. त्यांना फोनवर सगळं घर सांगितलं. म्हणाले, माझ्यापेक्षा मोठी जागा देवाक दिलंस काय?

रात्री सांजा केला. साजूक तूप जरा सढळ हाताने घातलं. एक दिवस चालतं.

२३ जानेवारी, गुरुवार
जाळीतून आवाज येतो. सकाळची कामं उरकून बिल्डिंग शांत झाली की सगळ्या घरांचं पोट त्या नळात बोलायला लागतं. कुणाचा मिक्सर, कुणाची मालिका. एक बाई नवऱ्याला रोज ओल्या टॉवेलवरून झापते. काल तिने विचारलं, पलंगाला काय ताप आलाय म्हणून ओली पट्टी घातलीस? मला हसू आलं. सर्वेशला नाही आलं. डोळे लाल करून उशी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, आई, चाळ बरी होती गं, तिथे निदान भांडणारे दिसायचे.

२७ जानेवारी, सोमवार
शेजारच्या उत्तराताईंना विचारलं. शाळेतून निवृत्त झाल्यात, यजमान इंजिनीअर होते. त्यांनी नीट समजावलं. जाळी पूर्ण बुजवायची नाही, माणूस गुदमरेल. आधी जाळीची खडखड बंद करायची, मग पत्र्याला आतून स्पंज लावायचा आणि तोंडाशी आडवळणाचा खोका बसवायचा. हवा वळून येते, आवाज वळणावर दमतो.

सगळं घरातलंच वापरलं. जुन्या सपातांचे रबर कापून जाळीखाली दिले, स्क्रू आवळले. फाटक्या गादीतला स्पंज हात पोचेल तिथवर पत्र्याला चिकटवला. टीव्हीच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे पडदे करून वरून गोधडी शिवली. सर्वेश म्हणाला, आई, तू साउंड इंजिनीअर झालीस, आता मढला शूटिंगवर जा.

आवाज निम्मा झाला. निम्मा राहिला.

३० जानेवारी, गुरुवार
सर्वेशला काल फोन चालू असताना डुलकी लागली. साहेबाने बोलावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर घरीच झोप. त्याला अजून पर्मनंट केलेलं नाही. आज दिवसभर तो पंख्याकडे बघत पडून होता. जेवला नाही. पोरगा माझ्यासमोर वाळतोय.

१ फेब्रुवारी, शनिवार
माघी गणपती. आज एक गोष्ट केली, ती लिहून ठेवते.

आमच्याकडे नव्या जागेत गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, जागेच्या मूळ धन्याला, राखणदाराला, हात जोडून आपलं मागणं सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला व्हय म्हाराजा म्हणायचं. होकार मिळाला की मागणं पोचलं. हे काम पुरुषांचं. सासरे घालायचे, आता हे घालतात. पण हे देवगडला. सर्वेशला सांगितलं तर म्हणाला, आई, सोसायटीत तक्रार कर ना, धन्याचं काय मध्येच? आणि आंघोळीला गेला.

म्हणून मीच घातलं. आवाज येतो जाळीतून, म्हणून जाळीखाली पाट मांडला, नारळ ठेवला, उदबत्ती लावली. म्हटलं, या जागेच्या धन्या, तुझी ओळख नाही, चूकभूल पोटात घे. माझ्या लेकाची झोप मोडते. हा आवाज तू घे आणि त्याला शांत झोप दे.

होकार द्यायला कोणी नव्हतं. मी स्वतःच म्हणणार होते. तेवढ्यात जाळीतून आलं, व्हय म्हाराजा.

स्पष्ट आलं. आमच्याच हेलात. वर कोणी मालवणी कुटुंब असणार, ऐकून गंमत केली असणार. मला बरं वाटलं. परक्या बिल्डिंगीत कोणीतरी आपलं. नारळ फोडला, दोन्ही भकलं खवून वड्या केल्या. उत्तराताईंना चार दिल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार
शांत. टॉवेलवाली नाही, मिक्सर नाही. सर्वेश दिवे लागेपर्यंत झोपला. उठून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि म्हणाला, झकास! तो कामावर गेल्यावर देवापुढे साखर ठेवली.

उत्तराताईंना आवाज येतोच आहे. त्यांचीही जाळी त्याच नळाला. मी विचारलं, वर मालवणी कोण राहतं? म्हणाल्या, तुमच्या वरचे सगळे फ्लॅट अजून रिकामे आहेत हो, चाव्या बिल्डरकडे आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कुकरची शिटी झाली नाही. वाफ उडाली, शिटी वर उठली, आवाज नाही. रबर बदललं. तेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आरतीला घंटा वाजवली. लोलक आपटताना दिसतो. आवाज नाही. समोरच्या डॉक्टरांकडे कान दाखवले. कान उत्तम आहेत. खाली रिक्षाचे हॉर्न ऐकू येतात, भाजीवाला ऐकू येतो. दार उघडून आत पाऊल टाकलं की काही नाही. पदर कानावर घट्ट गुंडाळल्यासारखं.

घर शांत हवं होतं. झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार
सर्वेश घोरत नाही. लहानपणापासून घोरतो, वडिलांसारखा. आज दारात उभी राहून ऐकलं. मग जवळ जाऊन नाकाशी हात धरला. श्वास लागतो. ऐकू येत नाही.

तो उठला, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. ओठ हलले. मी मान हलवली. चहा दिला. तोच मागत असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सर्वेशला ऑफिसातून घरी पाठवलं. फोनवरचे लोक नुसते हॅलो, हॅलो करत राहिले. हा बोलत होता, पण तिकडे काही पोचत नव्हतं. हे त्याने मला मोबाइलवर टाइप करून दाखवलं. आता बाहेरही त्याला आवाज नाही. खाली लिहिलं होतं, आई, मला झोपू दे.

झोपला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उठत नाही. हलवलं, पाणी शिंपडलं. उत्तराताई डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. कपाळाला आठी घातली. नळी काढून तिच्यावर टिचकी मारली, पुन्हा लावली. बराच वेळ. मग दाराबाहेर नेऊन म्हणाले, नाडी आहे, बाकी उपकरण बिघडलं असेल. उद्या रात्रीपर्यंत उठला नाही तर दाखल करा.

मी मान हलवली. रडू आलं नाही. भात लावला होता, तो बघायला गेले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गेटवर जाऊन ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं.  हे ओरडले, तुका कोणी सांगितल्यान शानपणा करूक? गाऱ्हाणा एकट्यान घालूचा नसता! मग हळू झाले. म्हणाले, होकार देणारा वाटेकरी होतो. नारळाचं एक भकल त्याचं. ते तिथेच ठेवायचं असतं. तू ते काय केलंस?

मी म्हटलं, वड्या.

हे म्हणाले, अगो, मगे तो आपलो वाटो आपणच घेता.

संध्याकाळच्या गाडीने निघतायत. उद्या पोचतील.

परत वर आले. घरात आवाज होता. आतल्या खोलीत. कुकरची शिटी, आमची. घंटा. भाकरी थापल्याचा आवाज. सगळं जाळीतून. पत्र्याच्या नळात कोणीतरी आमचं घर मांडलंय.

आणि सर्वेश. तिथून म्हणाला, आई, चहा दे गं.

खाली पलंगावर तो झोपलेला. तोंड मिटलेलं.

त्याच दिवशी, नंतर
खोका काढला. स्पंज ओरबाडून काढला. नारळ आणला, फोडला, एक भकल जाळीखाली ठेवलं. दुसरं पण ठेवलं. हात जोडले. चुकले, तुझा वाटा घे, माझा लेक दे.

होकार नाही. शिटी चालूच. आत कोणीतरी भांडी घासत होतं.

मग म्हटलं, त्याचा आवाज सोड. बदल्यात माझा घे.

व्हय म्हाराजा.

सर्वेशच्या आवाजात. हसत.

पलंगावर सर्वेश घोरायला लागला. मोठ्याने. ह्यांच्यासारखा. मी त्याचे पाय धरून बसले. त्याला हाक मारून पाहिली. घशातून काही निघालं नाही. ठीक आहे. माझ्या आवाजाचं काय, कोण ऐकतं. आरती मनातल्या मनात म्हणता येते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सर्वेश उठला. पेज प्यायला. बोलला. त्याचा आवाज खणखणीत आहे. मला विचारलं, घसा बसला का गं? मी मान हलवली. म्हटलं, म्हणजे खूण केली, झोप अजून थोडा. बाहेर उजेड आहे म्हणून त्याने आतून कडी लावली.

माझं काही वाजत नाही. चालते ते, भांडं ठेवते ते. पेनसुद्धा. हे अजून वाटेत आहेत. खिडकीतून उन्हात बघत बसले. भीती वाटायला हवी. वाटत नाही. 

सर्वेशने आतून हाक मारली. आई, पाणी दे ना.

मी उठले. तांब्या घेतला.

ओ, आले रे बाळा, असं कोणीतरी आत म्हणालं.

माझा आवाज. जाळीतून.

दार ठोठावते — वाजत नाही — मुठीने, लाटण्याने — काही नाही. फोन त्याने बंद करून ठेवलाय. उत्तराताईंची बेल दाबली, बोट माझं, बेल मुकी — त्यांना कळलंच नाही —

आत तो हसतोय. म्हणतोय, आई, तिकडे कुठे चढून बसलीस? जाळी साफ करतेस काय?

ती म्हणते, ये रे, जरा हात दे. अडकले बघ. स्टूल घे.

स्टूल ओढल्याचा आवाज. ऐकू येतो. सगळं ऐकू येतं.

हे पान फाडून दाराखालून सरकवते —

सर्वेश, ती मी नाही. मी बाहेर आहे, दाराशी. खाली बघ. कडी काढ. स्टूलावर चढू नको, तिला हात देऊ नको, जाळीचे स्क्रू सोडवू नको. मी इथे आहे बाळा, खाली बघ, माझी बोटं दाराखालून —