ह्यांच्या सत्तरीचं घड्याळ

८ जानेवारी, गुरुवार
मुकुंद आला होता. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ह्यांची भीमरथी शांती. सत्तर पूर्ण. पुन्हा मुहूर्त, पुन्हा माळा, पुन्हा मंगळसूत्र. म्हणून माहेरानंही लग्नात दिलेलं सगळं पुन्हा द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. धोतर-उपरणं, माझी साडी आणि जावयाला घड्याळ. अप्पा नाहीत, तेव्हा आता मुकुंद देणार.
"भावोजी, या वेळी स्विस. भारीतलं. तुम्ही सांगाल ते."
ह्यांनी पेपर खाली केला नाही. "या वेळी माप घेऊन आणा म्हणजे झालं."
मु. हसला. असं हसताना तो अगदी अप्पांसारखा दिसतो. मला ते आवडत नाही.

९ जाने., शुक्र.
दिवसभर तेच डोक्यात. एकदा लिहून टाकते.
अप्पा शाळेत गणित शिकवायचे. बेंगळुरूच्या कारखान्याचं घड्याळ तेव्हा दुकानात सहज मिळत नसे, नाव नोंदवून थांबावं लागे. अप्पांनी नाव नोंदवलं तेव्हा माझं लग्न ठरलंसुद्धा नव्हतं. सोनेरी, पातळ, पांढरी तबकडी, रोज सकाळी चावी द्यायची. मांडवात ह्यांनी ते हातावर चढवलं आणि मित्रांकडे वळून म्हणाले, "नवरीचं चुकून मला दिलं वाटतं."
मांडव हसला. अप्पाही हसले. मग उगाच उपरणं सारखं करत बसले.
पुढे आमच्या घरात त्याचं नाव 'मास्तरांची बांगडी'. तीन वर्षांनी ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरला देऊन टाकलं. "त्याच्या मुलीला होईल." अप्पा आले की आधी ह्यांच्या मनगटाकडे बघायचे. एकदाही विचारलं नाही.
चव्वेचाळीस वर्षं झाली. अजून जेवताना निघतं.

१३ जाने., मंगळ.
रश्मी येऊन गेली. मंगळवार-शुक्रवार येते, व्यायाम करून घ्यायला. तिचं कन्नड चालू असतं, "अंकल, स्वल्प कै एत्ती," हात थोडा उचला म्हणून. अंकल हात उचलत नाहीत, तीच उचलते. दीड वर्षापूर्वी झटका आला तेव्हापासून डावा हात मांडीवर पडून असतो, कोणीतरी विसरून गेल्यासारखा. हे म्हणतात, "जरा जड झालाय, अष्टे. एवढंच."
घड्याळाचं ठरवलंय त्यांनी. ऑटोमॅटिक. आणि मोठं.
"हाताच्या हालचालीवर चालतं. चावी द्या म्हणून कोणाच्या तोंडाकडे बघायला नको."
कोणाच्या म्हणजे माझ्या.
"मग उजव्या हातात घाला," मी.
"उजव्या हातात बायका घालतात."
खरं आहे. मी घालते. कॉन्व्हेंटमधल्या आम्ही सगळ्या घालायचो. दहावीला अप्पांनी घेऊन दिलं होतं, इवलंसं, काळ्या पट्ट्याचं. सिस्टर वर्गात शिरल्या की आम्ही बाही खाली ओढायचो. किती सुख होतं त्या लपवण्यात.

१७ जाने., शनि.
मु. गाडी घेऊन आला. देवराज अर्स रोडवरची शोरूम. आत इतकं गार की पदर लपेटून बसले. काउंटरवरच्या मुलीच्या हातात पांढरे मोजे. मखमलीवर तीन मांडली.
एक छत्तीस मिलिमीटर, चावीचं. मारी बिस्किटाएवढं पातळ. हातात घेतलं आणि परत ठेववेना.
एक अडतीस, बॅटरीचं. काही करायला नको, आपलं आपण चालतं.
एक एकेचाळीस, ऑटोमॅटिक. मागच्या काचेतून आतलं अर्धचक्र दिसतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरते.
"आणि हात नाही हलला तर?"
"दोन दिवसांत थांबतं, आंटी. मग वरची चावी फिरवून सुरू करायचं. पण अंकल रोज घालतील ना?"
मु. नं माझ्याकडे पाहिलं.
मग ती आपणहूनच सांगायला लागली. सूटवर, धोतरावर घालायचं घड्याळ लहानच शोभतं, ते बाहीखाली सरकलं पाहिजे. मोठी ती पोहणाऱ्यांची, विमानवाल्यांची. ज्यांना कळतं ते हल्ली परत चौतीस-पस्तीसकडे येतायत, चावीचंच मागतात. "पूर्वी जेंट्स साइज तोच होता, आंटी. तेहतीस, चौतीस."
मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिला वाटलं मला कमी ऐकू येतं.

२० जाने., मंगळ.
दुपारी हे खुर्चीत पेंगत होते. पाटल्यांच्या मापाला घेतात तसा दोरा घेतला. डाव्या मनगटाला एक गाठ, उजव्याला एक. दोन गाठींमध्ये जवळजवळ बोटभर फरक. एकाच माणसाचे हात.
छत्तीसच बसेल. एकेचाळीसची टोकं मनगटाच्या बाहेर लोंबतील.
चहाच्या वेळी सांगितलं. मुलगी काय म्हणाली तेही. लहान हेच खरं माप, अप्पांनी दिलं तेही बरोबरच होतं.
"दुकानदार उरलेला माल असाच खपवतात. तुझे वडील तसेच फसले."
"बॅटरीचं बघू का? तेही छान—"
"शाळेतल्या पोरांना दे ते."
खरं एवढंच म्हणायचं होतं. तुमचा हात हलत नाही. चार शब्द. तोंडापर्यंत आले. कप उचलून आत गेले.

२४ जाने., शनि.
एकेचाळीस घेतलं.
मु. पायरीवर थांबला. "अक्का, भावोजींच्या हातावर हे चालायचं नाही. तुला ठाऊक आहे."
"त्यांना तेच हवंय."
"तू सांग की त्यांना."
"सांगितलं."
सांगितलं ते मापाचं. हाताचं कुठे सांगितलं? मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर विचारायच्या, गप्प बसून कोण कोण खोटं बोललंय. मी कधी बोट वर केलं नाही. तेव्हा वर करण्यासारखं काही नव्हतंच.
खरं लिहायचं तर, मला ते त्यांच्या हातावर बंद पडलेलं बघायचंय. लिहिलं. खोडणार नाही.

१ फेब्रु., रवि.
पार पडली शांती. पाय सुजलेत.
मंगळसूत्र एका हातानं बांधता येत नाही. ह्यांनी एक टोक धरलं, मुकुंदच्या बायकोनं मागून गाठ मारली. भटजी मंत्र म्हणत राहिले. माझ्या मानेला ह्यांची बोटं लागली. गार होती. त्या क्षणाला मला वाटलं, लहान घ्यायला हवं होतं, हट्ट करून. भांडून.
मग घड्याळ. मु. नं ताम्हनात ठेवून आणलं, सकाळीच चावी भरलेलं. ह्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून पुढे केला. मु. नं बांधलं. पट्ट्याला आणखी एक भोक पाडून आणला होता, तरी सैल. ह्यांचे चुलत भाऊ म्हणाले, "वा, केवढं मोठं!"
हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सासऱ्यांना जमलं नाही ते मेव्हण्यानं केलं."
लोक हसले. मुकुंदही हसला.
लहान घ्यायला हवं होतं वगैरे सगळं परत घेतलं.

४ फेब्रु., बुध.
काल थांबलं. चारला दहा कमी. मी सकाळपासून जाता-येता बघत होते, त्यामुळे नेमकं माहीत.
ह्यांनी पाहिलं. बोटानं काचेवर टकटक केलं, मग हात शालीखाली घेतला.
संध्याकाळी शेजारचे प्रोफेसर आले. "नवं वाटतं! किती वाजले बघू." ह्यांनी मनगट पाहिलं. मग मान फारशी न वळवता दारातून स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे. "साडेसहा."
बरोबर सांगितलं. प्रोफेसरांना कळलंही नाही.
ज्याची वाट बघत होते ते मिळालं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

७ फेब्रु., शनि.
"मुकुंद उद्या जेवायला येतोय ना? येऊ दे. त्याला विचारायचंय. नकली दिलंय."
"अहो, शोरूममधून घेतलंय. मी होते बरोबर."
"तर मग कोणीतरी परत केलेलं. बापानं छोटं दिलं, मुलानं बंद पडलेलं. घराणंच तसं."
उद्या पानावर बसल्यावर, मुकुंदच्या बायकोसमोर विचारणार. आणि मुकुंद तरी काय उत्तर देणार? भावोजी, घड्याळ बरं आहे, तुमचा हात मेलाय? तो नाही म्हणणार. तो हसणार.
अंघोळीला स्टुलावर बसवलं, घड्याळ काढून बाहेर आले. नळ सोडून ठेवला. चावी फिरवली. वीस-पंचवीस वळसे. काटा सरकायला लागला. वेळ लावली. अंग पुसून परत बांधलं.
मुकुंदसाठी केलं. दुसऱ्या कोणासाठी नाही.

८ फेब्रु., रवि.
बिसीबेळे, दही, कोशिंबीर. मु. खाली मान घालून जेवत होता, आता काहीतरी निघणार म्हणून. लहानपणी अप्पा प्रगतीपुस्तक उघडायचे तेव्हा असाच बसायचा.
हे म्हणाले, "मुकुंद, वस्तू चांगली दिलीस हं. मध्ये थांबलं होतं, आता नीट चालतंय. हात मोकळा होतोय माझा."
मुकुंदनं मान वर केली. बासष्ट वर्षांचा माणूस, केवढा खुलला. जाताना दारात माझा हात दाबून म्हणाला, "अक्का, ऐकलंस ना? पहिल्यांदा." त्याला वाटलं हात खरंच सुधारला.
ऐकलं. इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं.

१३ फेब्रु., शुक्र.
रोज अंघोळीच्या वेळी चावी. आता सवयीचं झालंय, देवाला फूल वाहावं तसं.
आज रश्मीला ह्यांनी दारातूनच परत पाठवलं. "साकु. व्यायाम पुरे. घड्याळ बघ, हात हलल्याशिवाय चालतं का ते? तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला पाणी हवं का विचारलं.

१७ फेब्रु., मंगळ.
रश्मी तिचा रबरी पट्टा आणि चेंडू न्यायला आली. हे डुलकी घेत होते. फाटकाशी उभं राहून बोललो.
"आंटी, खांदा धरायला लागलाय. गेल्या महिन्यात एवढा उचलता यायचा," तिनं स्वतःचा हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. "आता एवढाच. असाच ठेवला तर कायमचा धरेल. मग सदरा घालतानासुद्धा ओरडतील. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."
माझं! हसू आलं.
"शुक्रवारपर्यंत मी दुसऱ्या कोणाला ती वेळ देत नाही," म्हणाली. चांगली मुलगी आहे. कोणाच्या घरची आहे कोण जाणे, खरं बोलायला शिकलेली.

२० फेब्रु., शुक्र.
तिला फोन केला. आज नको, सोमवारी सांगते म्हटलं. "बरं आंटी," एवढंच. आवाज उतरला होता.
आज चावी दिली नाही. दिवसातून चारदा बघते. चालतंय अजून.
सांगायचं कसं? हाताचं सांगितलं की चावीचं आलंच. मग म्हणतील, दोघा बहीणभावांनी मिळून मला फसवलं. मास्तरांची पोरं. मरेपर्यंत तेच. मुकुंदच्या मुलांच्या लग्नात तेच.
आणि नाही सांगितलं, सुम्ने, गुपचूप, बंद पडू दिलं, तर नकली. तरी तेच.
आणि चावी देत राहिले तर खांदा.

२१ फेब्रु., शनि.
सकाळी सदरा काढताना ओरडले. मग स्वतःच म्हणाले, "गार हवा, अष्टे."
घड्याळ मीच सोडवलं. माझ्या हातात ठेवून म्हणाले, "नीट ठेव हं. पाणी लागू देऊ नकोस. तुझ्या घरचं आहे."
तुझ्या घरचं. टोमणा नव्हता. मी चेहरा नीट पाहिला, नव्हता. आधी एकदा तरी, अप्पा असताना, असं म्हणाले असते तर.
आता ते आत स्टुलावर बसलेत, पंचा गुंडाळून. मी पाणी काढते म्हणून बाहेर आले आणि हे लिहीत बसले. घड्याळ वहीवर आहे. कानाला लावलं तर अजून ऐकू येतं, पण चाललंय ते शेवटचंच. चावी दोन बोटांत धरून बघितली. सोडली. पुन्हा धरली.
"अगं, कुठे आहेस? कुडकुडतोय इथे मी."
आले, म्हटलं.