मोबाईलमध्ये उतरलेल्या त्रेचाळीस पाहुण्यांना निरोप देण्याबाबत

सुंबेरवारिंगिन, दि. २६ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. लुराह,
केलुराहान (प्रभाग) कार्यालय,
सुंबेरवारिंगिन, मध्य जावा.

विषय : मुलीच्या विवाहासाठी लागणारे पत्र मिळावे, याकरिता आमच्या गल्लीच्या (आर.टी. ०७) पाहुण्यांच्या वहीतील त्रेचाळीस नावे कमी होण्याबाबत.

संदर्भ : १) गल्लीच्या तोंडावरील पाटी : "चोवीस तासांहून अधिक राहणाऱ्या पाहुण्याने आर.टी.कडे हजेरी द्यावी."
२) पाक आर.टी. यांच्याशी दि. १३ रोजी कुंपणावरून झालेली चर्चा.

महोदय,

मी खाली सही करणारा सार्वोको, वय ६३, टपाल खात्यातून निवृत्त सॉर्टर, माझी हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहे. वाचताना मध्येच चहा मागवावासा वाटल्यास अवश्य मागवावा. लिहिताना मी दोनदा मागवला.

१. माझी एकुलती मुलगी वेनिंग हिचा विवाह चि. हानुंग याच्याशी शनिवार, दि. १४ सप्टेंबर रोजी ठरला आहे. दोघांच्या जन्मवारांचा मेळ घालून काढलेला हा दिवस चुकल्यास पुढचा दिवस अकरा महिन्यांनी येतो, आणि तोवर मुलाकडचे थांबतील, पण मुलाची आजी थांबेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. विवाह नोंदणीचे कागद शुक्रवार, दि. ३० ऑगस्टपर्यंत द्यायचे आहेत. त्यांतील पहिला कागद म्हणजे आमच्या अठ्ठेचाळीस घरांचे प्रमुख, पाक आर.टी. तुगिरान, यांचे पत्र. मुलाच्या आर.टी.ने त्याचे पत्र बसल्या जागी, शेंगदाणे सोलता सोलता दिले. आमचे अडले आहे. कारण, ज्या घरात नोंद न झालेले पाहुणे आहेत त्या घराला कोणतेही पत्र देता येत नाही, असे पाक तुगिरान यांचे म्हणणे असून ते नियमाला धरून आहे.

२. पाहुणे कोण, ते सांगतो. माझी मेहुणी बु सुकिनाह तीस वर्षांपासून हॉलंडमध्ये राहते. आपल्याकडच्या एका वाहिनीवर रोज संध्याकाळी जावानी नाटक लागते, ते देशाबाहेर दिसत नाही. ती माझ्या पत्नीपाशी फोनवर रडली. म्हणाली, "ताई, इथं सगळं मिळतं गं, सोयाबीनचं टेम्पेसुद्धा मिळतं, पण राक्षसाला शिव्या घालणारा विदूषक कुठं मिळतो?" तेव्हा वेनिंगने आपला तडा गेलेला जुना मोबाईल घेतला, त्यात एक ॲप टाकले, पासवर्ड ठरवला, बाहेरच्यांना आत येण्यासाठी त्यातले आठ शून्य आठ शून्य क्रमांकाचे दार उघडले आणि मोबाईल चार्जरला लावून फ्रीजवर ठेवला. याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. टपालाच्या भाषेत सांगायचे तर सुकिनाहचे पत्र आधी आमच्या फ्रीजवर येते, तेथून आमच्या पत्त्याने वाहिनीकडे जाते, उत्तर आमच्याकडे येते आणि आम्ही ते न उघडता हॉलंडला धाडतो. वाहिनीला वाटते, बाई सुंबेरवारिंगिनमध्येच बसली आहे.

येथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

३. दि. ७ जुलै रोजी महिलांच्या भिशीत माझी पत्नी लास्मिनी आनंदाच्या भरात बोलून गेली, "आमची सुकिनाह हल्ली आमच्याच घरी असते. दिसत नाही, एवढंच." समोर पाक तुगिरान यांच्या सौभाग्यवती होत्या. तासाभरात पाक तुगिरान वही काखेत मारून दारात. त्यांनी मला विचारले, "पाक सार्वोको, पाहुणी कधी आली?" मी म्हणालो, ती आलीच नाही. "मग वाहिनीला काय सांगता?" आमच्या घरी आहे असे सांगतो, म्हणालो. "म्हणजे वाहिनीला सांगता आणि मला सांगत नाही!"  महोदय, याचे उत्तर आपल्यापाशी असल्यास कळवावे.

४. मग त्यांनी विचारले, एकच आहे ना? मी सॉर्टर माणूस, मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही. वेनिंगकडून मोबाईलमधली यादी काढून घेतली. सुकिनाहने पासवर्ड आपल्या मैत्रिणींच्या मंडळात वाटला होता. एकूण त्रेचाळीस. सर्वांत लहान एकसष्ट वर्षांची, सर्वांत थोरली सत्त्याऐंशी. शिवाय एकीनेही आल्यापासून जोडणी तोडलेली नव्हती. म्हणजे चोवीस तास केव्हाच उलटलेले. मी हा आकडा प्रामाणिकपणे सांगितला. त्यावर पत्नी म्हणाली, "एकोणतीस वर्षं टपालात काढलीत, पण कोणतं पाकीट उघडू नये ते काही कळलं नाही तुम्हाला!"

५. पाक तुगिरान यांनी घराची पाहणी केली. घराला पुढचे एक आणि स्वयंपाकघराचे एक अशी दोनच दारे असल्याची नोंद त्यांनी घेतली. त्यानंतर मी त्रेचाळीस ओळी स्वहस्ते भरल्या. येण्याचे कारण : नाटक पाहणे. यजमानाशी नाते : एक मेहुणी, बेचाळीस मेहुणीच्या मैत्रिणी. उतरण्याची जागा : फ्रीजवर. मला वाटले, झाले.

परंतु नाव वहीत चढले की माणूस गल्लीचा होतो. स्वातंत्र्यदिनाआधी गटारे उपसण्याच्या यादीत त्रेचाळीस जणी लागल्या आणि एकही आली नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेजारचे पाक जुमादी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "घरात एवढी बायामाणसं, आणि फावडं धरायला हा म्हातारा एकटा!" मी तीन दिवस एकट्याने गटार उपसले. सुकिनाहला कळवले, तर ती म्हणाली, "अहो भाऊजी, आम्हाला चढवा ना ते गटार मोबाईलवर, आम्ही बघू की!" भावना चांगली होती.

६. अखेर दि. १२ ऑगस्ट रोजी मी मोबाईल बंद केला, चार्जर काढला आणि पाहुण्या गेल्या असे समजून स्वस्थ झोपलो. ही माझी सर्वांत मोठी चूक. दुसऱ्या दिवशी पाक तुगिरान कुंपणाशी उभे. त्यांचा आवाज प्रथमच खाली आला होता. "पाक सार्वोको, तुमच्या घरात त्रेचाळीस बायका गेल्याची माझ्याकडे नोंद आहे. बाहेर पडताना एकही कुणी पाहिली नाही. मी वहीत काय लिहू?"

मी म्हणालो, लिहा, गेल्या. ते म्हणाले, "न सांगता? आपल्यात कुणी न सांगता जातं का?"

महोदय, त्या दिवसापासून लोक आमच्या घरावरून जाताना चालण्याचा वेग वाढवतात. सांडपाण्याची टाकी साफ करायला माणूस बोलावला, तर टाकीभोवती अकरा जण जमले.  परवा लग्नाचा पोशाख शिवून आला, तो वेनिंगने अंगाला लावूनसुद्धा पाहिला नाही.

७. पाक तुगिरान मनाने वाईट नाहीत. त्यांनीच तोडगा काढला : मोबाईल पुन्हा चालू करावा, प्रत्येक पाहुणीने त्यातून आत यावे आणि व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडाने "येते हं आता" म्हणावे, ते ऐकून ते एकेक नाव खोडतील, आणि शेवटचे नाव खोडले की त्याच टेबलावर वेनिंगच्या पत्राला शिक्का. दिवस ठरला, बुधवार, दि. २८, दुपारी दोन वाजता. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ. पाहुण्या तयार आहेत. कित्येकींनी केस धुण्याचा दिवस पुढेमागे केला आहे.

८. आता मूळ अडचण. माझ्या पत्नीने रविवारी तिघींवर चाचणी घेतली. आपल्या जावानी माणसाचे निरोप घेणे आपण जाणताच. "येते" म्हणून झाल्यावर चुकले-माकले माफ करा असे म्हणावे लागते. मग यजमानाने, इतक्यात काय निघालात, म्हणावे लागते. मग पुन्हा बसावे लागते. मग मुलीला आशीर्वाद, मग पाक तुगिरान यांच्या आईची चौकशी, मग, "त्या गेल्या? अरे देवा, कधी?" मग पुन्हा "येते". तिघींची सरासरी पस्तीस मिनिटे पडली. त्रेचाळीस जणींना पस्तीस मिनिटांप्रमाणे पंचवीस तास पाच मिनिटे होतात. म्हणजे निरोपाच्या रांगेत दोन वाजल्यापासून बसलेल्या शेवटच्या पाहुण्या चोवीस तासांच्या पुढे जातात, आणि पाटीनुसार त्यांची नोंद नव्याने करावी लागते. पाक तुगिरान यांना विचारले. ते बराच वेळ आकडेमोड करीत बसले आणि म्हणाले, "करावी लागेल हो. मलाच वाईट वाटतंय."

सबब विनंती अशी, की दोघींनी निरोप न घेता निघून जावे. मग एक्केचाळीस जणींचे तेवीस तास पंचावन्न मिनिटांत आटोपते आणि शिक्का मारायला पाच मिनिटे उरतात. त्या दोघींची नावे आपल्या अधिकारात खोडल्यास पाक तुगिरान यांची हरकत नाही, असे त्यांनी लेखी दिले आहे. मी त्रेचाळीस जणींना एकेक करून फोन केला. सख्ख्या मेहुणीच्या तर पाया पडलो. "भाऊजी, काही वाट्टेल ते मागा," ती म्हणाली, "पण पोरीच्या लग्नघरातून मी न सांगता उठून जाऊ?" बाकीच्या बेचाळीस जणींनी हेच सांगितले, फक्त जास्त वेळ घेऊन.

तरी त्यांपैकी कोणत्या दोघींनी असभ्यपणे निघून जायचे, ते कृपया आपणच आपल्या सहीशिक्क्यानिशी ठरवावे. सरकारने सांगितले म्हणून गेलो, असे त्यांना आयुष्यभर सांगता येईल. आणि माझी मुलगी १४ तारखेच्या शनिवारी मांडवात बसेल.

आपला नम्र, आणि घरात खरोखर तिघेच राहणारा,

(सही)
सार्वोको
घर क्र. १९, आर.टी. ०७, सुंबेरवारिंगिन

सोबत :
१. पाहुण्यांच्या वहीतील चार पानांची प्रत.
२. चि. हानुंग याच्या आर.टी.चे पत्र (शेंगदाण्याच्या सालीचा डाग आहे, क्षमस्व).
३. पाक तुगिरान यांची ना-हरकत.
४. आदेशाचा कच्चा मसुदा. दोन नावांची जागा कोरी सोडली आहे. कृपया पेन्सिलीने लिहू नये, त्या खोडायला लावतील.