मेघाने निवडलेल्या मुली

सांगली, शुक्रवार संध्याकाळ

मेघाने असं करावं? एम.ए.ला आल्यापासून एका खोलीत राहतोय आम्ही. प्रयोगही दोघींचा. गाणी चालू असताना पाठांतर कमी होतं का, एवढंच पाहायचं होतं. मला ताप आला म्हणून इस्लामपूरच्या शाळेत ती एकटीच गेली. कुठली मुलगी शांत वर्गात बसेल आणि कुठली गाण्यांच्या, हे चिठ्ठ्या टाकूनच ठरव, असं बजावलं होतं मी. "टाकल्या गं चिठ्ठ्या," म्हणाली.

आकडे मांडले तर शांत वर्ग इतका पुढे, की आनंदाऐवजी धास्तीच वाटली. आज आभार मानायला त्या शाळेत गेले. चिठ्ठ्यांचा विषय काढला, तर एक मुलगी म्हणाली, "न्हाई ताई, चिठ्ठ्या कुठल्या? बाईंना इचारून हुशार पोरी शांत वर्गात घेतल्या व्हत्या मेघाताईनं."

मग आम्ही मोजलं काय, गाण्यांचा परिणाम की हुशारी?

खोलीवर येऊन मेघाला विचारलं. ती केस विंचरत होती, थांबलीसुद्धा नाही. "त्याच्या आधी दुसऱ्या एका शाळेत प्रयोग चिठ्ठ्या टाकूनच केला होता. काही फरकच पडेना. तू रडली असतीस, म्हणून त्या आकड्यांचे कागद फाडून टाकले."

आमच्या मार्गदर्शक सरांना फोन करून सगळं सांगितलं. आता प्रयोग रद्द. मेघा बॅग भरतेय. भरू दे. पण फरक पडत नाही, हेच तर माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते तिला मिळालं होतं, आणि तिने मला साधं दाखवलंही नाही.