टिंबाचं वजन

३ जून

ती. दादास,
शेंडेफळाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण जे सांगायचंय ते फोनवर बोलवत नाही, आणि तुझ्यामागे वहिनी कान टवकारून उभी असते हे मला ठाऊक आहे. (वहिनी, वाचत असशीलच. नमस्कार.)

तर बातमी अशी, की मी नापास झाले. बाकी सगळ्या विषयांत पास, तेही चांगल्या मार्कांनी. औषधाच्या मात्रेच्या पेपरात मात्र सपशेल आडवी. बाळांच्या वॉर्डात इतकी वर्षं आया म्हणून काढल्यावर या वयात नर्सिंगला बसायचं धाडस केलं, हॉस्पिटलनंही हौसेनं पाठवलं, आणि घोडं पेंड खायला लागलं ते नेमकं शाळेत खायचं तिथेच.

पेपर समोर आला की काय होतं ते सांगते, हसू नकोस. पहिली ओळ वाचते ती कळते. दुसऱ्या ओळीत दशांश चिन्ह आलं की आकडे जागा बदलायला लागतात. सव्वीस लिहायचे तिथे बासष्ट लिहिते आणि ते मला दिसतही नाहीत. शेजारची पान उलटते तो आवाज ऐकू येतो, आणि मी अजून पहिल्याच गणितात. घरी लेक शिकवायला बसते. ती बिचारी दहा मिनिटं गोड बोलते, अकराव्या मिनिटाला तिचा तोल जातो. आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या की काही माणसांची आकड्यांची जाण मुळातच अडखळते, डॉक्टरांकडे त्याला नावसुद्धा आहे, तो आळस नव्हे आणि मठ्ठपणाही नव्हे. ऐकून बरं वाटलं, पण नाव कळल्यानं गणित सुटत नाही ना.

ऑगस्टअखेर एक शेवटची संधी आहे. वॉर्डातच, परीक्षकांसमोर, खऱ्या बाळाचं औषध. त्यात गेले की परत आया, कायमची. आयाचं काम मी कधी हलकं मानलं नाही. पण दादा, बाळाच्या ओठांशी औषध नेणारा हात माझा असावा असं मला फार फार वाटतं. आईला यातलं काही सांगू नकोस.

लोभ आहेच. नापासांवर तो जरा जास्त करावा ही विनंती.

तुझं,
शेंडेफळ


११ जून

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीनं माझ्याआधी वाचलं, दोनदा रडली आणि मग मला म्हणाली की वाचा सावकाश. आईला सांगितलं नाही. आईनं मला विचारलं की ती नापास झाली का, तेव्हा मी म्हटलं की मला काही माहीत नाही. यापुढे तिच्याशी तूच काय ते बघून घे.

मी काही शिक्षक नाही. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, मला बीजगणित विचारशील तर मीही आडवा होईन. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तू आयुष्यभर मिलिग्रॅम हा शब्द वाचत आलीस, मिलिग्रॅम तू कधी बघितलाच नाहीस. ज्याची तोंडओळखही नाही त्याची भीती वाटणारच.

म्हणून सोबत एक डबी पाठवतोय. एका प्रयोगशाळेनं जुना काटा मोडीत काढला, त्याबरोबरची ही वजनं. आत चार कप्पे आहेत. पहिल्यात पितळेचा एक ग्रॅम. दुसऱ्यात त्याचा दहावा भाग, तिसऱ्यात त्याचाही दहावा, आणि चौथ्यात मिलिग्रॅम. चिमटा झाकणात खोचलाय, बोटानं उचलायचं नाही. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. गणित काहीही करायचं नाही. दुपारी पंखा बंद कर, खिडकी लाव, लेकीला जवळ बसव आणि एकेक कप्पा उघडून नुसतं बघ.

शेवटचा कप्पा उघडताना श्वास जपून. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण तो कप्पा उघडताना आजही मी उगाच सरळ बसतो.

डबीची पावती म्हणून तरी दोन ओळी लिही.

दादा


२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डबी उघडली. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. ग्रॅम तळहातावर ठेवला (पितळेचा होता, एवढं चालेल ना?), तो कळला. दुसरा, बारीक पत्र्याचा तुकडा, चिमट्यानं हातावर ठेवला तर असेल-नसेल वाटला. तिसरा मला कळलाच नाही, डोळे मिटून हात पुढे केला तर लेक म्हणाली की कधीचा ठेवलाय. आणि चौथा. दादा, मी वाकून बघितलं, तो लखलखला, माझ्या तोंडून अगंबाई निघालं आणि तो उडाला! आम्ही दोघी जमिनीवर रांगत होतो. शेवटी माझ्याच बाहीवर सापडला, एक कोपरा वळवलेला चांदीसारखा पापुद्रा.

माझा श्वास त्याला जड झाला. आणि आमच्या वॉर्डात एक बाळ आहे, वेळेच्या फार आधी आलेलं, तळव्यावर मावेल एवढं. सगळ्याजणी त्याला पहिलवान म्हणतो. त्याला त्याच्या वजनाच्या हिशेबानं दिवसाला असले सहा पापुद्रे औषध लागतं. सहा. कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी बसून शोधून काढलं की एवढ्या लहान जिवाला एवढंच सोसेल, याच्या वर नाही. दादा, मी आजवर समजत होते की गणित माझ्यासारख्यांना पकडायला केलंय. ते पहिलवानासाठी केलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दशांशाचं टिंब एक घर सरकलं तर सहाचे साठ पापुद्रे त्याच्या पोटात जातील, हे आता मला पाठ करावं लागत नाही, डोळ्यांपुढे दिसतं.

आता औषध काढायला बसले की आधी मनात डबी उघडते. वेळ लागतो, बाकीच्यांचं होऊन जातं, पण उत्तर येतं.

एकच खोट आहे. आमच्याकडे बाळांच्या औषधाची पद्धत अशी, की दोघींनी पाठमोरं उभं राहून वेगवेगळं गणित करायचं आणि मग आपापली चिठ्ठी उलगडायची. उत्तर जुळलं तरच बाटलीला हात लावायचा. सरावात माझ्यासमोर बहुधा मोठ्या सिस्टर असतात. त्यांचं वेगळं आलं की मी माझी चिठ्ठी मुठीत चुरगाळते आणि माझंही तेच आलं म्हणून मोकळी होते. त्यांचं कशाला चुकेल?

वहिनीला नमस्कार. डबी परत मागू नकोस.

तुझं,
शेंडेफळ


१० जुलै

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

पहिलं पान वाचून मी दुकान बंद करून घरी आलो आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद वाचून मात्र माझं टाळकं फिरलं.

चिठ्ठी चुरगाळतेस म्हणजे काय? माझ्याकडे एखादा काटा शेजारच्या काट्याकडे बघून थांबायला लागला, तर तो मी भंगारात देईन. त्यापेक्षा चुकीचं दाखवणारा काटा परवडला, त्याला दुरुस्त तरी करता येतं. तुमच्याकडे दोघींना उभं केलंय ते शोभेसाठी नाही. तू मान डोलावलीस की त्या वॉर्डात एकटीच नर्स उरते, आणि पहिलवानाला वाटतं दोघी आहेत.

रागावलोय. पण वहिनी म्हणते की रागावलो असं लिहून नंतर खाली जेवलीस का विचारा. तर जेवत जा वेळेवर.

दादा


३० ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. पहिल्यापासून सांगते, मध्येच शेवटचं पान बघू नकोस.

मला बाळ मिळालं ते पहिलवान. ते अजून आमच्याकडेच आहे. पाठमोऱ्या उभ्या होत्या मोठ्या सिस्टर, आणि मध्ये खुर्चीवर परीक्षक बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी मनात डबी उघडली, एकेक पापुद्रा मांडला, टिंब जागेवर बसलं की नाही ते बघितलं आणि चिठ्ठी घडी केली. आम्ही वळलो, उलगडल्या. माझ्या चिठ्ठीवर पॉइंट साठ मिली (त्या औषधाच्या एका मिलीत असले दहा पापुद्रे असतात). त्यांच्या चिठ्ठीवर पॉइंट बासष्ट.

दादा, बासष्ट! हे तर माझं जुनंच दुखणं. नक्की मीच चुकले. मूठ आपोआप मिटायला लागली. कुणालाही कळलं नसतं, फरक केवढा, तर दुसऱ्या घरातला. आणि तुझा तो भंगारातला काटा आठवला. मी मूठ उघडली आणि म्हटलं की माझं वेगळं आलंय. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.

बाटली बाजूला ठेवली गेली. परीक्षक बाई म्हणाल्या की मोठ्यानं करून दाखवा. मी करून दाखवलं, सावकाश, बोटांवर. पुन्हा पॉइंट साठ. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, टिंब बरोबर. बाईही कोड्यात पडल्या. मग मोठ्या सिस्टरांनी हळूच विचारलं की बाळाचं वजन किती धरलंस. मी म्हटलं, एक किलो दोनशे. त्यांनी पाळण्याला लावलेला तक्ता माझ्याकडे वळवला.

मी तक्ता बघितलाच नव्हता. मला कशाला लागतोय? त्याचं वजन मला पाठ होतं. कितीतरी दिवस ते पोर तिथेच अडकलं होतं, एक किलो दोनशे, रोज सकाळी मीच त्याला काट्यावर ठेवायची आणि रोज तक्त्यावर तोच आकडा पुन्हा लिहायची. काल सकाळी परीक्षेच्या गडबडीत त्याला दुसऱ्या कुणी ठेवलं. तक्त्यावर कालच्या तारखेसमोर लिहिलं होतं, एक किलो दोनशे चाळीस.

परीक्षक बाईंनी चांगलं सुनावलं. औषध काय पाठांतरानं देतात का, म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकलं, त्यांचं खरंच होतं. मग म्हणाल्या की चुकणाऱ्या पुष्कळ बघितल्या, चूक मुठीत न लपवणाऱ्या फार कमी, आणि शेरा लिहायला घेतला. पास, दादा. पास! मग त्यांनीच सांगितलं की आता नवीन मात्रा काढून तुम्हीच द्या. मी काढली, सिस्टरांनी काढली, जुळली, आणि मी दिली. पहिलवानानं ओठ मिटून गिळलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

पण पास झाले म्हणून मी रडले नाही. मी रडले त्या दोन चिठ्ठ्या बघून. माझं गणित चुकलं नव्हतं, ते आदल्या दिवशीच्या पहिलवानाचं होतं. आमच्या दोघींच्या उत्तरांत जो एवढासा फरक होता, तेवढा तो एका दिवसात वाढला होता.

आईला आता सांग. लोभ आहे, तो पहिलवानासारखा रोज थोडा थोडा वाढू दे.

तुझं,
शेंडेफळ