दोन तृतीयांश

उज्जैन, मंगळवार, नोव्हेंबर १९५६

आज वर्गात सहा इंच बाजूच्या त्रिकोणाशी समरूप, चार इंचांचा त्रिकोण काढायचा होता. शांताने प्रमाण दोन तृतीयांश लिहिलं. मी लाल शाईने खोडून दीड केलं.

"बहनजी, डेढ़ गुना करेंगे तो बढ़ेगा न?"

मुली हसल्या. मी तिला खाली बसवलं.

घरी काढून पाहिलं, तर नऊ इंच! बाबांनी घरी शिकवताना नेहमी लहानाचं मोठंच करायला लावलं. मोठ्याला लहानाने भागायचं, एवढंच हाताला ठाऊक. बाबांचं ऑफिस भोपाळला गेलं, नाहीतर आधी त्यांनाच विचारलं असतं. ती लाल काट सारखी दिसते आहे.

उद्या वर्गात सांगायलाच हवं. शांता बरोबर होती, मी चुकले. आत्ता मोठ्याने म्हणून पाहिलं. ऐकायला घरात कोणी नव्हतं.