खोकून दाखवा

ती. बाबांना नमस्कार, वाकून आशीर्वाद देऊ नका, तुमच्या पोटावरचे टाके ताजे आहेत.

मी मजेत आहे. जेवतेही वेळेवर.

आज वॉर्डात पोटाचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना विचारलं, "शून्य ते दहात किती दुखतंय?" म्हणाले, "शून्य!" म्हटलं, "मग जरा खोकून दाखवा." तर म्हणे, "आधी पाणी दे." चेहरा पाहिला आणि गोळी दिली.

तुमचा चेहरा इथून कसा पाहू? आई तर तुमचीच री ओढते. कुशीवर वळता येतं का? गोळी वेळेवर घेता, की दात आवळून पडून राहता?

"ठणठणीत आहे" हे मला सांगू नका. काल फोनवर विनोद तुम्हीच केलात, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः हसला नाहीत.

तुमची, जीव टांगणीला लागलेली,
ठमी