मधला उभा आहे तो

इंटरनॅशनल सिटी, दुबई
१८ ऑगस्ट २०२५

चि. विलास यास आशीर्वाद.

फोन स्पीकरवर टाकून आई सगळं ऐकते, म्हणून लिहितेय. मी झाडपूस करते त्या ऑफिसात अरबांचे, तुर्कांचे जुने फोटो येतात. लग्नं, उंट, पलटणी. त्यात एक सापडला. नोंदी ठेवणाऱ्या खतीजानं मागचं वाचलं: हिंदी सैनिक, इराक, १९१६. आईचा आजा त्याच लढाईला गेला ना, आलाच नाही. मधला उभा आहे त्याचं नाक थेट आपल्या मामाचं. भोवतीची माणसं नुसती हाडं, आईला बघवणार नाहीत. म्हणून जादा प्रत कापून तेवढा एक पाठवते. आमच्या बिल्डिंगमधला निनाद रजेवर येतोय, त्याच्याकडं दिलाय. फ्रेम धड कर, काटकसर नको. तब्येत सांभाळा, मला विसरू नका.

तुझी अक्का, शालन

कोरेगाव
२३ सप्टेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

फोटो पोचला. आई दोन दिवस मांडीवर घेऊन बसली. तिची आजी नवऱ्याची वाट बघत मरेपर्यंत कुंकू लावायची. तिच्या कुंकवाची डबी आईनं जपलेली, परवा ओढ्यात सोडून आली. म्हणाली, आता गेला म्हणायला हरकत नाही. सर्वपित्रीला फोटोला हार घातला, पुढं खीर-वड्यांचं ताट मांडलं. स्वतः वाढलं. तुझं नाव दहादा काढते. माया अशीच असू दे.

विलास

इंटरनॅशनल सिटी
६ ऑक्टोबर

विलास, आशीर्वाद.

आधी एकटा वाच. खतीजानं काल मागचं पुरतं वाचलं. हिंदी सैनिक, तुर्कांचे कैदी. मधला पहारेकरी. त्याच्या खांद्याला बंदूक होती, ती मीच कापली, फ्रेमच्या मापात बसेना. त्या दिवशी खतीजा पुढचं वाचत होती, मीच म्हटलं खलास, कामं पडलीत. आईचा आजा असलाच तर मी कातरीनं टाकलेल्या अकरा जणांत. अख्खा फोटो सोबत आहे. मला कुणी ओळखू येत नाही. खतीजा म्हणते सांगू नका, म्हातारी सुखात आहे. मला नाही पटत. तुर्काला हार घालून ती मरायला नको. सांग तिला, आणि शिव्या मला घालू दे.

शालन

कोरेगाव
२७ ऑक्टोबर

अक्का, नमस्कार.

सांगितलं. आईनं भिंग घेऊन एकेक तोंड बघितलं. हार स्वतः काढला. म्हणाली, ज्यानं यांना उपाशी ठेवलं त्यालाच मी पोटभर वाढलं. तुला एक शब्द बोलली नाही. परवापासून अन्नाला शिवत नाही, आधी ते जेवू देत म्हणते. डॉक्टर म्हणतात, या वयात आणखी दोन दिवस निघायचे नाहीत. आज तुझ्या भावजयीनं, प्रज्ञानं, अख्ख्या फोटोपुढं अकरा पानं वाढली, मग गच्चीवर नेऊन ठेवली. आई जिन्यात बसून आहे. दिवस कलला, कावळा शिवत नाही.

याचा फोटो काढून फोनवरच धाडतोय, उलट पत्र लिहीत बसू नकोस. माया असेल तर निघून ये.

विलास